गोलावरची सरळ रेघ : घरच्या कार्यशाळेतील आखणीचे शास्त्र

कागदावर सरळ रेघ ओढणे ही शाळेत शिकवली जाणारी पहिली भूमिती होय. पट्टी ठेवावी, पेन्सिल फिरवावी, रेघ तयार. परंतु हीच पट्टी एखाद्या लोखंडी पाइपवर ठेवून पाहावी. पट्टी डुगडुगते, एका बाजूला कलते, आणि ओढलेली रेघ दिसायला सरळ असली तरी पाइप हातात फिरवला की ती हळूहळू बाजूला सरकत गेलेली आढळते. सपाट पृष्ठावर जे काम सहज होते, ते गोल पृष्ठावर एक स्वतंत्र विद्या होऊन बसते.

आपल्या वसतिगृहात राहून शिकलेले कित्येक माजी विद्यार्थी पुढे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जाऊन जुळारी, कातारी किंवा संधाता झाले. काहींनी घराच्या पडवीत वा पत्र्याच्या खोलीत स्वतःचे छोटे वर्कशॉप थाटले. शेतीपंपाचे शाफ्ट, ग्रिलचे पाइप, मळणीयंत्राचे रोलर अशी कामे त्यांच्याकडे येतात. या बहुतेक कामांत गोल वस्तूवर सरळ रेघ आखण्याचा प्रसंग येतोच. प्रस्तुत लेख इतिहासाच्या शिक्षकाने लिहिलेला असला, तरी तो प्रामुख्याने या बांधवांसाठी आणि गणिताचा तास कंटाळवाणा वाटणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यांसाठी आहे.

रेघ चुकली तर काय होते?

प्रथम या प्रश्नाचे उत्तर पाहू, कारण त्याशिवाय पुढील खटाटोपाचे प्रयोजन कळणार नाही. समजा, ४० मि.मी. व्यासाचा आणि ३०० मि.मी. लांबीचा एक शाफ्ट आहे. त्याच्या दोन्ही टोकांना चावीची खाच पाडायची आहे आणि दोन्ही खाचा एकाच रेषेत हव्यात. आखताना रेघ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना परिघावर अवघी २ मि.मी. सरकली. डोळ्याला ही चूक क्वचितच दिसेल. परंतु शाफ्टची त्रिज्या २० मि.मी. असल्यामुळे २ मि.मी.चे सरकणे म्हणजे जवळजवळ पावणेसहा अंशांचा फरक होतो. म्हणजे दोन खाचांमध्ये पावणेसहा अंशांचा पीळ पडला. ज्या यंत्रात दोन टोकांवरील भागांचा परस्परमेळ महत्त्वाचा असतो, तेथे हा शाफ्ट भंगारात जातो. त्यासोबत कारागिराची मजुरी जाते, गिऱ्हाइकाचा विश्वास जातो, आणि रब्बीच्या पाण्याची पाळी चालू असेल तर शेतकऱ्याचे दोन दिवसही जातात. खाच पाडण्यास तासभर लागतो. ती वाया घालवण्यास आखणीतील एक क्षण पुरेसा असतो.

गोलावर सरळ म्हणजे काय?

शालेय पुस्तकात ज्याला वृत्तचिती म्हणतात, त्या आकाराच्या मधोमध एक काल्पनिक रेषा असते; तिला अक्ष म्हणतात. वृत्तचितीच्या वक्र पृष्ठावर खऱ्या अर्थाने सरळ अशा रेषा केवळ एकाच प्रकारच्या असतात : अक्षाला समांतर असणाऱ्या. पट्टी या दिशेत ठेवली तरच तिची कड संपूर्ण लांबीभर पृष्ठाला टेकते. किंचित तिरपी केली की ती एकाच बिंदूवर टेकते आणि दोन्ही बाजूंनी अधांतरी राहते. पट्टी डुगडुगण्याचे कारण हेच.

पट्टी लवचिक असेल, उदाहरणार्थ शिंप्याची टेप, तर घोटाळा अधिक फसवा होतो. टेप तिरपी ठेवली तरी ती पृष्ठाला चिकटून बसते आणि रेघ सरळ आल्याचा भास होतो. प्रत्यक्षात ती मळसूत्री असते, म्हणजे स्क्रूच्या आट्याचाच एक अत्यंत लांबट तुकडा. विद्यार्थ्यांनी हे कागदावर करून पाहावे. एका आयताकृती कागदावर तीन रेघा ओढाव्यात : एक उभी, एक आडवी, एक तिरपी. मग कागदाची उभी नळी करावी. आडव्या रेघेचे वर्तुळ होते, तिरपीचे मळसूत्र होते, आणि उभी तेवढी सरळ राहते. गोलावर रेघ आखण्याचे सारे कौशल्य म्हणजे ही उभी रेघ नेमकी शोधणे.

सूत धरणाऱ्यांचा वारसा

हा प्रश्न आजचा नाही. प्राचीन ग्रीसमधील दगडी स्तंभांवर वरपासून खालपर्यंत उभ्या पन्हळी कोरलेल्या असतात. डोरिक शैलीत त्या साधारणतः २०, तर आयोनिक शैलीत २४ असत. स्तंभ अनेक दगडी तबकड्या एकावर एक रचून उभारला जाई. सर्वांत वरच्या व सर्वांत खालच्या भागावर पन्हळींची सुरुवात आधी कोरून घेत, आणि मधला भाग स्तंभ उभा राहिल्यानंतर त्या दोन खुणा जोडून पूर्ण करीत. सिसिली बेटावरील सेजेस्टा येथील मंदिर अपुरे राहिले. त्याच्या स्तंभांवर पन्हळी आजही कोरलेल्या नाहीत. दोन टोके अचूक ठरवा, मग मधले अंतर जोडा, ही पद्धत आजही तशीच वापरली जाते.

आपल्याकडे सुतार आणि करवतकरी ओंडका चिरताना हेच करीत आले आहेत. ओंडक्याच्या दोन्ही तोंडांवर ओळंब्याने उभी रेघ घ्यायची, गेरूत वा काजळीत भिजवलेले सूत त्या दोन रेघांच्या टोकांवर ताणून धरायचे, मध्ये चिमटीत धरून उचलायचे आणि सोडून द्यायचे. सुताचा फटका बसतो आणि रेघ उमटते. ‘सुतार’ या शब्दाचे नाते संस्कृतातील ‘सूत्रधार’ म्हणजे सूत धरणारा या शब्दाशी आहे. युरोपीय भाषांत रेषेसाठी जो ‘लाइन’ शब्द रूढ आहे, तोही लॅटिनमधील जवसाच्या धाग्यापासून आलेला आहे. रेषा ही पुस्तकात येण्यापूर्वी कष्टकऱ्याच्या हातातील धागा होती, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मात्र एक सावधगिरी हवी. सूत रेघ शोधत नाही. ते केवळ दोन खुणा जोडते. एका टोकाची खूण चुकली तर ताणलेले सूत तितक्याच निमूटपणे मळसूत्री मार्गाने जाते. म्हणून सारा भर दोन्ही टोकांच्या खुणांवर असतो.

पहिली रीत : लोखंडी अँगल

घरच्या वर्कशॉपमध्ये सर्वांत स्वस्त आणि विश्वासाचे साधन म्हणजे काटकोनी लोखंडी अँगलचा सरळ तुकडा. तो पाइपवर पालथा ठेवला की त्याच्या दोन्ही पाती पाइपला एकेका रेषेत टेकतात. दोन रेषांत टेकल्यामुळे त्याला तिरपे होण्यास वाव उरत नाही. तो आपोआप अक्षाला समांतर होतो. मग त्याच्या कडेला स्क्रायबर लावून रेघ ओढायची.

अँगल कोणत्या मापाचा घ्यावा, याचा हिशेब सोपा आहे. काटकोनात बसलेला गोल हा कोपऱ्यापासून त्रिज्येइतक्या अंतरावर पात्यांना स्पर्श करतो. म्हणून पात्याची आतली रुंदी पाइपच्या त्रिज्येइतकी किंवा तिच्याहून किंचित जास्त असावी. ४० मि.मी. व्यासाच्या पाइपसाठी २५ मि.मी. रुंद आणि ३ मि.मी. जाड अँगल घेतला, तर आतली रुंदी २२ मि.मी. भरते आणि त्याची कड पाइपच्या पृष्ठापासून केवळ ०.१ मि.मी. वर राहते. याच पाइपवर ४० मि.मी.चा अँगल ठेवला, तर कड सुमारे ६ मि.मी. अधांतरी राहते, स्क्रायबर आत-बाहेर कलतो आणि रेघ वेडीवाकडी येते. मोठे साधन नेहमीच चांगले असते असे नाही, ते कामाच्या मापाचे हवे.

वापरण्यापूर्वी अँगल जाड काचेवर ठेवून कड तपासावी. काच आणि कड यांच्यामधून उजेड दिसू नये. कापताना आलेली बर कानसीने काढून टाकावी, कारण आतल्या बाजूला राहिलेला एक बारीक कण संपूर्ण अँगलला तिरपे करू शकतो.

दुसरी रीत : सपाट पाट आणि सरफेस गेज

अधिक नेमके काम हवे असेल तेव्हा सरफेस प्लेट, व्ही-ब्लॉक आणि सरफेस गेज यांचा आधार घेतात. गोल वस्तू व्ही-ब्लॉकमध्ये आडवी ठेवायची, ती फिरू नये म्हणून पकडीने आवळायची, सरफेस गेजची सुई ठरावीक उंचीवर बांधायची आणि गेज पाटावरून सरकवत सुईने रेघ ओढायची. पाट सपाट, अक्ष पाटाला समांतर आणि सुईची उंची स्थिर, अशा तीन अटी पाळल्या की रेघ अक्षाला समांतर येणारच.

सुईची उंची कोठे ठेवावी, हा यातील कळीचा मुद्दा होय. ती वस्तूच्या अक्षाच्या उंचीवर असावी. तेथे पृष्ठ उभे असते, सुई ०.१ मि.मी. वरखाली झाली तर रेघही तेवढीच सरकते. जसजसे वर जावे तसतसे पृष्ठ आडवे होत जाते. अक्षापासून ६० अंश वर तीच चूक दुप्पट होते. अगदी माथ्यावर, २० मि.मी. त्रिज्येच्या शाफ्टवर, उंचीतील ०.१ मि.मी.ची चूक रेघेला तब्बल २ मि.मी. बाजूला नेते. अनुभवी कारागीर गोलाच्या कुशीवर रेघ ओढतो, माथ्यावर ओढत नाही, त्याचे गणित हे असे आहे.

अक्षाची उंची काढण्यासाठी वस्तूच्या तोंडावर, अंदाजे मध्यातून, सुईने आडवी रेघ ओढावी. मग वस्तू अर्धा फेरा फिरवून त्याच उंचीवर पुन्हा ओढावी. दोन रेघा एकमेकींवर पडल्या तर सुई बरोबर अक्षावर आहे. दोन वेगळ्या आल्या तर अक्ष त्यांच्या बरोबर मध्ये आहे. सुई तेथे आणून पुन्हा खात्री करावी.

वस्तू दोन्ही टोकांना सारख्या जाडीची नसेल, तर अक्ष कललेला राहतो. एका टोकाचा व्यास ४० मि.मी. आणि दुसऱ्याचा ३९ मि.मी. असेल आणि वस्तू पाटावर थेट ठेवली असेल, तर बारीक टोकाखाली ०.५ मि.मी.ची पट्टी द्यावी. ती ९० अंशांच्या व्ही-ब्लॉकमध्ये असेल तर ब्लॉकखाली द्यावयाची पट्टी त्रिज्येतील फरकाच्या १.४१ पट, म्हणजे सुमारे ०.७ मि.मी. लागते.

सपाट पाट कोठून आणावा?

अचूक सपाटी निर्माण करणे हे एकेकाळी अतिशय कठीण होते. इंग्लंडमधील जोसेफ व्हिटवर्थ या अभियंत्याने, जो तरुणपणी लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले यांच्या कारखान्यात काम करीत असे, १८४० साली ग्लासगो येथे या विषयावर निबंध वाचला. त्यातील युक्ती मोठी बोधप्रद आहे. दोन पाट एकमेकांवर घासून जुळवले तर ते जुळतील, पण सपाट असतीलच असे नाही. एक खोलगट आणि दुसरा फुगीर असूनही ते एकमेकांत बसतील. म्हणून तीन पाट घ्यावेत आणि प्रत्येक पाट उरलेल्या दोघांशी जुळवावा. तिन्ही पाट आपापसात जुळले तर ते सपाट असण्यावाचून गत्यंतर नसते. दोघांचे एकमत खोटे असू शकते, तिसऱ्याची साक्ष ते उघड करते. इतिहासाच्या साधनांनाही हाच नियम लागू पडतो.

घरच्या वर्कशॉपला एवढे सायास करण्याची गरज नाही. १० मि.मी. जाडीची साधी काच पुरेशी आहे. १९५९ साली पिल्किंग्टन कंपनीने जाहीर केलेल्या पद्धतीत वितळलेली काच वितळलेल्या कथिलावर तरंगत ठेवून थंड केली जाते, त्यामुळे ती मुळातच बरीच सपाट निघते. दुकानातून तुकडा आणावा, कडा घासून बोथट करून घ्याव्यात आणि सपाट फळीवर सगळीकडून आधार देऊन ठेवावा. त्यावर ठोकाठोकी मात्र करू नये.

तिसरी रीत : लेथ

ज्याच्याकडे लेथ आहे त्याच्याकडे आखणीचे यंत्रच आहे. वस्तू चकमध्ये बांधावी, टोकदार टूल अक्षाच्या उंचीवर लावावे, चक फिरू नये अशी व्यवस्था करावी आणि कॅरेज हाताने सरकवावे. टूलचे टोक अक्षाला समांतर रेघ ओढत जाते. ३ किंवा ४ समान भाग हवे असतील तर चकच्या जबड्यांचा उपयोग होतो : प्रत्येक वेळी पुढचा जबडा बेडवर ठेवलेल्या त्याच ठोकळ्याला टेकवावा. अधिक भाग हवे असतील तर स्पिंडलवर घट्ट बसवलेले ६० दात्यांचे चाक उपयोगी पडते. १० दाते सोडले की ६ भाग, ५ दाते सोडले की १२ भाग. या कामापूर्वी लेथचा मेन स्विच बंद करावा. केवळ बटण बंद करून चकला अडसर लावणे धोक्याचे आहे.

लेथ नसेल तर परीघ विभागण्यास कागदाची पट्टी पुरते. ती वस्तूभोवती घट्ट गुंडाळावी, जेथे दोन पदर एकमेकांवर येतात तेथे सुईने दोन्ही पदरांना छिद्र पाडावे, पट्टी उलगडून छिद्रांमधील अंतराचे हवे तेवढे भाग करावेत आणि पुन्हा गुंडाळून खुणा उतरवाव्यात. ६ भागांसाठी तर तेवढेही नको. कंपासमध्ये त्रिज्येइतके अंतर घेऊन वस्तूच्या तोंडावर परिघाशी ६ पावले टाकली की वर्तुळ पुरे होते.

लांब पाइपसाठी

चार-पाच मीटरचा पाइप काचेवर मावत नाही. त्यासाठी लाकडाचा एक ठोकळा करावा. त्याच्या खालच्या बाजूस काटकोनी खाच, वरची बाजू सपाट आणि खाचेच्या कोपऱ्यातून सरळ वर जाणारे बारीक छिद्र. पाइप फिरू नये असा पक्का ठेवावा. एका टोकाला ठोकळा बसवून वर पाणसळ ठेवावी, बुडबुडा मध्ये आणावा आणि छिद्रातून पंचने खूण करावी. मग दुसऱ्या टोकाला तसेच करावे. दोन्ही खुणा पाइपच्या माथ्यावर येतात. त्यांवर सूत ताणून फटका मारावा. सूत उचलताना ते सरळ वर उचलावे, बाजूला ओढू नये.

ठोकळा अगदी अचूक बनला नाही तर? येथे एक सुंदर गोष्ट घडते. ठोकळ्यात दोष असेल तर पहिली खूण माथ्यापासून थोडी बाजूला पडेल, पण ठोकळ्याचे तोंड न बदलता दुसरी खूण केली तर तीही तितकीच आणि त्याच बाजूला पडेल. रेघ माथ्यावर नसेल, परंतु अक्षाला समांतर निश्चित असेल. दोष दोन्हीकडे सारखा राहिला तर तो सरळपणाला बाधा आणत नाही. नेमका माथाच हवा असेल तर प्रत्येक टोकाला ठोकळा उलटा फिरवून दुसरी खूण घ्यावी आणि दोहोंचा मध्य धरावा.

रेघ उमटवणे आणि तपासणे

साध्या कामाला खडू फासलेला चालतो. स्वच्छ, तेलविरहित पोलादावर मोरचुदाचे पाणी लावले तर लोखंड आणि मोरचूद यांच्या क्रियेने तांब्याचा पातळ लालसर थर बसतो आणि त्यावर स्क्रायबरची रेघ लखलखीत दिसते. मोरचूद विषारी आहे; बाटलीवर नाव लिहून ती मुलांच्या हाताबाहेर ठेवावी. स्क्रायबरचे टोक तीक्ष्ण असावे, तो थोडा बाहेरच्या बाजूस कललेला धरावा आणि रेघ एकाच ओढीत काढावी. दुसऱ्यांदा गिरवलेली रेघ म्हणजे दोन रेघा. त्यांतली खरी कोणती, हे नंतर कोणीच सांगू शकत नाही. रेघेवर थोड्या थोड्या अंतरावर ६० अंशांच्या डॉट पंचने ठिपके घ्यावेत आणि जेथे भोक पाडायचे तेथेच ९० अंशांचा सेंटर पंच मारावा.

खाच पाडण्यापूर्वी रेघ ज्या रीतीने ओढली, तिच्याहून वेगळ्या रीतीने तपासावी. अँगलने ओढली असेल तर काचेवर ठेवून सुई एका टोकाशी रेघेवर लावावी आणि दुसऱ्या टोकाशी नेऊन पाहावी. तेच साधन पुन्हा लावले तर ते आपलीच चूक पुन्हा बरोबर ठरवते.

पालकांना आणि विद्यार्थ्यांना

वर आलेल्या साऱ्या युक्त्यांमागे स्पर्शिका, समांतर रेषा, त्रिज्या आणि परीघ यांखेरीज काही नाही. हे सर्व दहावीपर्यंतच्या पुस्तकात आहे. तरीही जुळाऱ्याचे काम ‘हाताचे’ आणि गणित ‘डोक्याचे’ अशी फाळणी आपल्या समाजात खोलवर रुजलेली आहे. पुष्कळ कारागिरांना रीत शिकवली गेली, कारण मात्र सांगितले गेले नाही. ज्याला केवळ रीत ठाऊक आहे, त्याला नवे काम आले की पुन्हा उस्तादाकडे जावे लागते. ज्याला कारण ठाऊक आहे, तो अँगल नसला तर ठोकळा करतो आणि ठोकळा वाकडा निघाला तरी त्यातून सरळ रेघ काढतो. आपला मुलगा वा मुलगी आयटीआयला जाणार असेल, तर भूमितीचा तास आता उपयोगाचा नाही असे पालकांनी मुळीच समजू नये. तो तास तेथेच खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो.

आणि वर्कशॉप चालवणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. शाळेच्या भेटीला याल तेव्हा हातभर पाइप, अँगलचा एक तुकडा आणि स्क्रायबर सोबत आणावा. नववीच्या वर्गात अर्धा तास पुरे. मुलांना आधी पट्टीने रेघ ओढू द्यावी, ती सरकलेली पाहू द्यावी, आणि मग अँगल त्यांच्या हातात द्यावा.